वेळ न छापलेली पत्रिका

झरी, ता. परभणी
जून १९७४

आदरणीय दत्तूमामांस,

भाचा भगवान याचा सविनय जयभीम. तानुमामींनाही जयभीम सांगावा, आणि घरातल्या लहानथोरांना ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे आशीर्वाद किंवा नमस्कार आपल्या हातानं वाटून द्यावा. पूर्वी आपले लोक दुसऱ्याकडून पत्र लिहून घेत तेव्हा माथ्यावर 'श्री' घालून घेत. मी ती जागा मोकळी सोडली आहे, विसरून नव्हे, विचार करून, हे आपण जाणताच. इकडे सर्व ठीक आहे. कोणाच्या कृपेने ठीक आहे, हा प्रश्न मी वर्गात पोरांना विचारतो आणि घरात टाळतो. आपला गुडघा कसा आहे? मामींचा दमा उन्हाळ्यात उतरला का? म्हैस व्याली असेल. (वगार झाली असल्यास अभिनंदन. हल्या झाला असल्यास मी समतावादी असल्यामुळे तरीही अभिनंदन.)

आपलं कार्ड पोचलं. त्यात आपण मोजकंच लिहिलंत, की अक्का खुशाल हाय, चतकोर भाकर जास्तच खाते, परत जायचं नाव काढत न्हाई, आन् भगवानाला टाइम सापडला का म्हणून इचारायलीय. मामा, भाच्याला चार शब्द लिहायचे तर पाकिटात घालावेत. हे कार्ड आमच्या पोस्टमननं वाटेत वाचलं, हॉटेलात बसून वाचून दाखवलं आणि मग माझ्या हातात दिलं. तेव्हापासून सगळी झरी मला विचारायलीय, मास्तर, टाइम सापडला का? काल तर पहिलीतल्या एका पोरानं विचारलं. त्याला मी उठाबशा काढायला लावल्या आणि नंतर लिमलेटची गोळी दिली, कारण त्याचा काही दोष नव्हता.

मी काही आईला परत पाठवा म्हणून लिहीत नाही. माहेर आहे तिचं, राहू दे पाहिजे तितकं. फक्त तिची बाजू आपल्या कानावर गेली, तशी माझीही जावी, म्हणून हे लांबण. निवाडा आपण करावा. आईला अक्षर येत नाही. पत्र आपण ओसरीवर बसून मोठ्यानं वाचणार आणि ती दाराआड तूर निवडत, ऐकतच नाही असं दाखवून सगळं ऐकणार, हे मला ठाऊक आहे. तेव्हा काही मजकूर मी कंसात घातला आहे. 'आईला वाचू नका' असं दिसलं की आपण आवाज बंद करून नुसते ओठ हलवावेत. (आईला वाचू नका: ती गेल्यापासून घरात सकाळ झालेली कळत नाही. पहाटे ती खोकायची, भांडी आपटायची आणि मी पांघरुणातून ओरडायचो, आई, झोपू दे. आता कोणी आपटत नाही आणि मी जागाच असतो.)

आता मूळ हकीकत. आपण लग्नाला आला नाहीत, गुडघ्यामुळे, म्हणून पहिल्यापासून सांगतो. आमची रुख्मिणी (दीक्षेच्या आदल्या वर्षी जन्मली म्हणून नाव हे असं, पुढं मी ते बदलायला निघालो तर पोरगी म्हणाली, शाळेच्या दाखल्यावर तुम्हीच लिहिलंत, आता तुम्हीच खोडणार का?) तिला राणीसावरगावचं स्थळ आलं. मुलगा दिनकर, पाटबंधारे खात्यात कारकून, स्वभावानं गरीब, ताटावर बसला की मान वर करत नाही. आणि त्याचे वडील किशनराव. मामा, तो माणूस नव्हे, ठराव आहे. साधं 'पाणी द्या' म्हणाले तरी ऐकणाऱ्याला वाटावं, आपण हात वर करून अनुमोदन दिलं पाहिजे. आता मलाही समाजात थोडं बरं बोलणारा म्हणतात. तेव्हा बैठकीला दोन बोलणारे समोरासमोर बसले आणि जे व्हायचं ते झालं.

किशनराव म्हणाले, हुंडा नाही. मी म्हणालो, मानपान नाही. ते म्हणाले, हळद नाही. मी म्हणालो, बाशिंग नाही. ते म्हणाले, वाजंत्री नाही. मी म्हणालो, रुसवेफुगवे नाहीत. (हे शेवटचं माझ्या हातात नव्हतं, हे आता कळतंय.) रुख्मिणीची आई कमल चहा घेऊन आली तोवर लग्नात नवरानवरी आणि आम्ही दोघे व्याही एवढेच शिल्लक राहिलो होतो. तेवढ्यात किशनरावांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, मुहूर्त नाही. आता ह्याच्यावर काय टाकायचं? सगळं तर संपलेलं. पण मामा, ऐन वेळी मला सुचतं, हा माझा जुना रोग आहे. मी म्हणालो, मुहूर्त तर नाहीच, पत्रिकेवर वेळसुद्धा नाही! ज्या विचारानं आपण माणसामाणसांत उच्चनीच मानत नाही, त्याच विचारानं क्षणाक्षणांत का मानावं? किशनराव गप्प झाले. बाबांना आजवर कोणी गप्प केलेलं नाही, असं दिनकरनं मला जाताना कानात सांगितलं. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

परभणीच्या छापखान्यात गेलो. तारीख दिली. टाइप जुळवणाऱ्यानं विचारलं, वेळ? मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, मग जेवण कधी तेवढं तरी टाकू का? मी म्हणालो, ते माणसाच्या विवेकावर सोडा. पत्रिकेखाली ठळक टायपात ओळ घातली: 'जगात कोणताही क्षण शुभ नाही, अशुभ नाही, सबब वेळ छापलेली नाही. अगत्य येण्याचे करावे.' मामा, त्या ओळीचा मला इतका अभिमान वाटला की पत्रिका वाटताना मी ती लोकांना पुन्हा तोंडी म्हणून दाखवत होतो.

आता आईचं. पत्रिका घरी आणली आणि तिला वाचून दाखवली. तिनं विचारलं, बरं लिवलंय, पर लगीन कवा लागायचंय? मी म्हणालो, आई, सगळे क्षण सारखे. ती म्हणाली, व्हय, पर त्यातला कोणचा? मी म्हणालो, कोणचाही. ती म्हणाली, सगळे सारखेच हायत तर त्यातला एक सांग की, तुपलं काय जातंय? इथं माझं डोकं फिरलं. मी तिला उभ्या उभ्या व्याख्यान दिलं, ग्रहताऱ्यांचं, पंचांगाचं, भटाभिक्षुकीचं. आई चूल फुंकत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाणी आणता आणता, शेळी बांधता बांधता, रोज तेच, भगवाना, टाइम सांग. मला पक्कं वाटलं की हिच्या मनात मुहूर्त रुतून बसलाय. तसं वाटायला कारणंही होती. अमावस्येला ती नवं लुगडं नेसत नाही. आम्ही ट्रान्झिस्टर आणला तेव्हा तिनं मीठमोहऱ्या ओवाळून त्याची दृष्ट काढली. आता असल्या बाईला विचाराची दिशा दाखवायची नाही तर कोणाला? (मी स्वतः मांजर आडवं गेलं की थांबतो, असं ती आपल्याला सांगेल. थांबतो ते खरं. पण ते मांजराला जायला वाट द्यावी म्हणून.)

(आईला वाचू नका: दीक्षेनंतर आम्ही घरातले देव नदीत सोडायला गेलो होतो. दुरडी माझ्या डोक्यावर होती. सगळ्या रस्त्यानं मी घोषणा देत गेलो आणि पाण्याशी गेल्यावर माझ्याच्यानं ती डोक्यावरून उतरवेना. आईनं दुरडी घेतली, एकेक देव पाण्यात सोडला आणि त्यांना म्हणाली, जावा बाबांनो, तुमी बी मोकळे, आमी बी मोकळे. परत येताना तिनं मागं वळून पाहिलं नाही. मी पाहिलं. हे मी आजवर कोणत्याच भाषणात सांगितलेलं नाही.)

लग्नाचा दिवस उजाडला. मांडव घातला, बुद्धमूर्ती मांडली, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, खाली पांढरं कापड. रुख्मिणी पांढरं पातळ नेसून सकाळीच पाटावर येऊन बसली. आश्रुबा आचाऱ्यानं विचारलं, भात कवा टाकू? मी म्हणालो, लोक येतील तेव्हा. तो म्हणाला, लोक कवा येतील? मी त्याला पत्रिका दिली. त्यानं ती वाचली आणि उलटी करून पाठीमागंही बघितली.

मामा, विचार शहरातून गावात येतो तेव्हा काय होतं, ते त्या दिवशी मला दिसलं. गावातल्या शेतकरी मंडळींनी पत्रिकेवर वेळ पाहिली, दिसली नाही, छापखान्याची चूक असेल म्हणून त्यांनी ज्याच्या त्याच्या घरातलं पंचांग काढलं. पंचांगात त्या दिवशी दोन मुहूर्त निघाले, एक सकाळचा, एक गोरज. म्हणजे जे पुस्तक मी माझ्या घरातून हद्दपार केलं, ते माझ्या एका ओळीमुळं सगळ्या झरीनं त्या दिवशी उघडलं. अर्धं गाव सकाळच्या मुहूर्ताला हजर! नवरदेव नाही, भात नाही. बसली बिचारी पानसुपारी चघळत. आश्रुबानं घाईघाईनं भात टाकला, त्यांना जेवू घातलं, ते गेले. मग शाळेतले आणि कचेरीतले लोक मधल्या सुट्टीत आले, घड्याळ बघत जेवले, आहेर कोणाकडे द्यायचा विचारून गेले. करीमभाई शिंपी दुपारची नमाज आटोपून आले, मांडवभर नजर टाकून म्हणाले, मास्टरसाब, हमारे में कम से कम अजान तो हय. आणि आपली बौद्ध मंडळी, ज्यांच्यासाठी ही एवढी ओळ छापली, त्यांनी ती अक्षरशः खरी मानली आणि दिवसभरात वाटेल तेव्हा, वाटेल तितकी, तालुक्याच्या सगळ्या दिशांनी आली. त्यांना मी काय बोलणार? मीच त्यांना शिकवलेलं.

दुपारपर्यंत फुलं वाळली. माठ तळाला लागले. धम्मविधी करायला पंडित होता (हे त्याचं नाव, आईबापांनी ठेवलेलं, माणूस आपला, पंचायत समितीत शिपाई, पण पंचशील असं म्हणतो की ऐकत राहावं). तो उन्हं कलेपर्यंत बसला आणि मग हात जोडून म्हणाला, मास्तर, मी निघतो, बोरीला दुसरं लगीन हाय. मी म्हणालो, अरे, त्यांना थांबव की थोडं. तो ओशाळून म्हणाला, त्यांच्या पत्रिकेवर टाइम छापलाय वो. आणि गेला. तत्त्वाचा माणूस, पण एस.टी. गाठायची होती त्याला.

(आईला वाचू नका: एवढ्या सगळ्यात रुख्मिणी पाटावरून उठली नाही. पातळ घामानं अंगाला चिकटलं होतं. आई तिच्या शेजारी बसून पदरानं वारा घालत होती आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलत होती. आईनं स्वतः दिवसभर पाण्याचा घोट घेतला नाही. मी पाहिलं होतं. पाहून मी तिकडची सतरंजी सारखी करायला गेलो, जी सारखीच होती.)

वऱ्हाडाचा ट्रक पोचला तेव्हा सावल्या मांडवाच्या बाहेर लांबलेल्या. झालं होतं असं की किशनरावांनी घरून निघतानाच सगळ्यांना बजावलं होतं, घाई ही मुहूर्त मानणाऱ्यांची. त्यामुळं गंगाखेडला चहा झाला. परभणीत पुतळ्याला हार घातला, तिथं किशनरावांनी भाषण केलं, आणि भाषण चाललंय तोवर वऱ्हाडातल्या एकानं चष्म्याची काडी बसवून घेतली, एकानं बियाणाची चौकशी केली आणि खुद्द नवरदेव कटिंगला बसला. इथं उतरल्यावर मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं, लय येळ लावला वो इवाई? तर ते शांतपणे म्हणाले, वेळ? कुठली वेळ? पत्रिकेप्रमाणं आम्ही वेळेवरच आलो. मामा, ते माझंच उत्तर होतं.

बरं, आले एकदाचे. दिनकर पाटावर बसला. पंडित नाही, तर विधी मी म्हणायचा ठरला. हार आणले. आणि त्याच क्षणाला मांडवाच्या दारातून व्यंकटराव पाटील आपली मंडळी घेऊन आत शिरले. हे आमच्या गावचे जुने पाटील, माणूस दिलदार, पण पंचांग बघितल्याशिवाय शिंकायचे नाहीत. ते म्हणजे दुसऱ्या मुहूर्ताचं अर्धं गाव. आमच्या हातात हार बघून त्यांनी लांबूनच हात उंचावला आणि म्हणाले, मास्तर, मानलं तुमाला! वरून मुहूर्त न्हाई म्हंता, अन् गोरज बराबर साधला! लोक साधायला जातात अन् चुकतात!

किशनरावांनी हार खाली ठेवला. म्हणाले, थांबा. आत्ता लग्न लावलं तर उद्या जिल्ह्यात बोभाटा होईल की ह्यांनी आतून गोरज धरला. तेव्हा तत्त्व म्हणून मुहूर्त टळेपर्यंत थांबायचं. आणि मामा, आपल्यापासून काय लपवायचं, मी अनुमोदन दिलं. दिलंच. तोंडातून निघूनच गेलं. मग प्रश्न आला की मुहूर्त टळतो कधी? पाटलांना तेवढं पाठ नव्हतं. त्यांनी माणूस पाठवून घरचं पंचांग आणवलं. मांडवात पंचांग आलं! माझ्या लेकीच्या लग्नात, माझ्या संमतीनं, बुद्धमूर्तीसमोर ते उघडलं गेलं, आणि आम्ही दोघे सुधारक व्याही चष्मे पुसून त्यात डोकी घालून बसलो आणि बोटानं ओळी शोधायला लागलो. इतक्या मनापासून मुहूर्त कोणा जोशानंही कधी बघितला नसेल. आश्रुबा हातात झारा घेऊन बघायला आला.

तेव्हा आई उठली. ती पाटलांना म्हणाली, पाटील, ते पुस्तक मिटा. पाटलांनी मिटलं. किशनरावांना म्हणाली, इवाई, तुमी बाजूला सरका. तो ठराव बाजूला सरकला! मला ती काहीच म्हणाली नाही. तिनं दोन्ही हार उचलले, एक नातीच्या हातात दिला, एक नातजावयाच्या, आणि म्हणाली, मपल्या नातीनं आता आनखी कोनाचीच वाट बघायची न्हाई. मग तिनं स्वतःच डोळे मिटून त्रिसरण सुरू केलं. तिच्या मागून सगळ्या बायांनी धरलं, मग बाप्यांनी. मला वाटायचं तिला ते अर्धवट येतं. तिनं एक शब्द चुकवला नाही. लग्न लागलं. पाटलांच्या मंडळींनी सवयीनं अक्षता टाकल्या, आपल्या लोकांनी वाळलेली फुलं टाकली, आणि खाली सगळं एकत्र झालं.

(आईला वाचू नका: तिनं हार उचलले तेव्हा मी पंचांगापुढंच बसलेला होतो. वाटलं, उठावं आणि तिच्या पायावर डोकं ठेवावं. पण मांडवात माझे विद्यार्थी होते, शाळेतले शिक्षक होते, किशनराव होते. आणि पाया पडू नये असं मीच गेल्या जयंतीला सांगितलेलं.)

आता ज्यावरून सगळं बिनसलं ते. लग्नानंतर आभाराचं बोलायला मी उभा राहिलो. दिवसभराची फजिती, पाटलांचा तो गोरज, किशनरावांची नजर, काहीतरी सावरून घ्यायला पाहिजे होतं. मी बोलून गेलो की आमच्या मातोश्रींनी धर्म बदलला, पण गोरज काही चुकू दिला नाही! लोक खो खो हसले. किशनरावही हसले, आणि ते हसतात हे मला तेव्हाच कळलं. माझं म्हणणं, सभेत असा एखादा विनोद चालतो. त्यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय होतं? तेवढ्यावरून कोणी घर सोडतं का? (आईला वाचू नका: सगळा मांडव हसला, ती हसली नाही. तिनं वाढायची बादली उचलली आणि पंगतीत शिरली. माझ्या पानावर मात्र तिनं काही वाढलं नाही. ती पुढं गेली.)

मुलगी निघाली तेव्हा आई पाठराखीण म्हणून ट्रकमध्ये चढली. मला बरं वाटलं, म्हटलं, राग निवळेल. ट्रक आपल्या पोखर्णीला आला तेव्हा तिनं ड्रायव्हरला थांबवलं, नातीच्या तोंडावरून हात फिरवला आणि गाठोडं घेऊन उतरली. पुढची हकीकत आपल्या ओसरीवरच घडली असल्यामुळं मी लिहीत नाही. माझा अंदाज, तिथं देवळाची घंटा रोज ठरल्या वेळेला वाजते, म्हणून तिला करमत असेल.

परवा मी रुख्मिणीला मांडवपरतणीसाठी माहेरी आणायला राणीसावरगावला गेलो. पोरगी दारात आली, पाणी दिलं, चहा दिला आणि म्हणाली, आजी घरी आल्याबिगर मी येत नाही. किशनरावांनी मुलगी पाठवा असा ठराव मांडून पाहिला, पण तिनं तोही मंजूर केला नाही. मी रिकाम्या हातानं परतलो. वाटेत गाडी पोखर्णीला थांबली होती. मी उतरलो नाही. खिडकीतून बघितलं, आपल्या घरावरची कौलं तेवढी दिसली.

(आईला वाचू नका: निघताना रुख्मिणीनं सांगितलं, आजी दिवसभर कानाशी काय बोलत होती ते. आईचं लग्न पोखर्णीलाच लागलं, निजामाच्या काळात, हे आपल्याला माहीतच आहे. त्याच दिवशी देशमुखांच्या वाड्यातही लग्न होतं. जोशीबुवा आपल्या वस्तीत यायचे नाहीत. ते वेशीपाशी उभं राहून हात वर करायचे, आणि तो हात दिसला की इकडं माळा घालायच्या. तुम्हाला लिंबावर चढवलं होतं, हात दिसला की ओरड म्हणून. सकाळपासून तुम्ही लिंबावर आणि आई बाशिंग बांधून पाटावर. देशमुखांचं लग्न लागलं, पंगती उठल्या, मग कधी तरी जोशीबुवांना आठवण झाली. हात वर झाला तो दिवस मावळताना. आई तोवर बसल्या जागी झोपली होती. ती रुख्मिणीला म्हणाली, बाई गं, आमचं लगीन दुसऱ्याच्या हाताकडं बघून लागलं. दीक्षा घेतली तवा वाटलं, आता मपल्या घरातला टाइम मपलं घर सांगंल. तुपल्या बापाला रोज इचारलं, सांग म्हनून. त्यानं सांगितला न्हाई. अन् तू बी माझ्यासारखीच बसलीस. मामा, तिला गोरज नको होता. तिला आपल्या घरानं सांगितलेली एक वेळ हवी होती, दुपारची म्हणा, संध्याकाळची म्हणा. ती मी दिली नाही आणि वर चारचौघांना तिच्यावर हसायला लावलं. राणीसावरगावहून येताना मला गाडीत रडू आलं. कंडक्टरनं विचारलं, काय झालं मास्तर? मी म्हणालो, धूळ.)

असो. तत्त्व म्हणून पाहिलं तर माझं म्हणणं आजही तसंच आहे. कोणताही क्षण शुभ नाही, अशुभ नाही. ह्यावर कोणत्याही व्यासपीठावर मी वाद घालायला तयार आहे. आपण दोन्ही बाजू ऐकल्या, आता जो द्यायचा तो निवाडा द्यावा. आईला आपल्याकडं बरं वाटत असेल तर दिवाळीपर्यंत राहू दे, माझी काहीच हरकत नाही. घर तिच्यावाचून अडून बसलेलं नाही. गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधावा.

आपला आज्ञाधारक भाचा,
भगवान

ता. क. लोणच्याच्या कैऱ्या आणून ठेवल्या आहेत आणि त्या आता पिकायला लागल्या. कमल म्हणते, मीठ किती ते आत्याबाईंच्या मुठीलाच ठाऊक. मी म्हणालो, माझी मूठही तिच्यासारखीच आहे. एक बरणी घातली. ती कोणी खात नाही. शेळीसुद्धा दावं तोडून आईच्या खोलीच्या दारात बसते. हे सहज लिहिलं.

दुसरा ता. क. मामा, वर बराच मजकूर मोठ्यानं वाचण्यासाठी लिहिला आहे. तो वाचू नका. त्यात सगळी माझी हुशारी आहे. जिथं जिथं 'आईला वाचू नका' असं लिहिलंय, तेवढंच आईला वाचून दाखवा, सावकाश. ती तूर निवडायची थांबली तर आपणही थोडं थांबा, मग पुढचं वाचा.

शेवटचा ता. क. आईनं विचारलंय, टाइम सापडला का. तिला सांगा, नाही सापडला. येत्या रविवारी मी इथल्या स्टँडवर पहिल्या गाडीपासून येऊन बसतो. तिनं तिच्या टाइमानं यावं. वाट मी बघीन.